मोटारीची खोळ आणि आप्पा डॉक्टर

कुणी मोटार घेतली की बेळगावात लोक आधी पेढे मागत. आप्पा डॉक्टर मात्र छत्री काखेत मारून मोटारीभोवती एक फेरी घालत आणि मालकाला विचारत, "खोळ काय घेतलीसा?" मालक बिचारा गोंधळून जाई. त्याची तयारी मोटार किती धावते, तेल किती पिते, असल्या प्रश्नांची असे. खोळ अजून घेतली नाही म्हटलं की डॉक्टरांचा चेहरा पडे. नवरदेव उघड्या अंगानं बोहल्यावर उभा राहिलेला पाहावा तसे ते त्या मोटारीकडं पाहत. "उन्हातपावसात उभी ऱ्हाणार ती, तुमी न्हाय," असं मालकाला सुनावून ते पेढा न घेताच चालू लागत.

मी मूळचा निपाणीचा. बेळगावच्या शाळेत मास्तरकी मिळाली तेव्हा खासबागेत डॉक्टरांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. घरात डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, दोघंच. डॉक्टरांना सगळा गाव आप्पा म्हणे आणि त्यांच्या पत्नीला आक्का. दाराशी अंगण, अंगणाच्या कडेला विहीर आणि विहिरीच्या अलीकडं ती मोटार. गॅरेज बांधायला जागा नव्हती. कुण्या गोऱ्या साहेबानं विलायतेला जाताना विकलेली ती जुनी गाडी, कापडी टपाची, पुढं हँडल मारून सुरू होणारी. माझी खोली अंगणाला लागून, त्यामुळं खोळ घालायची वेळ झाली की खिडकीतून हाक येई, "मास्तर, टोक धरा!" एवढं शिकून सवरून मी रोज संध्याकाळी काय करत होतो असं कुणी विचारलं, तर मोटारीच्या खोळीचं टोक धरत होतो हेच खरं उत्तर आहे.

ही मोटार हौसेची नव्हती, हे मला पहिल्याच महिन्यात शेजाऱ्यांकडून कळलं. डॉक्टरांची एकुलती एक मुलगी, तारा, जांबोटीकडं दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. पण दिवस भरायच्या आधीच पोटात दुखू लागलं, आणि तेही ऐन पावसाळ्यात. सांगावा घेऊन माणूस रानातून चालत बेळगावला आला. मोटार कुणाची मिळेना. डॉक्टर बैलगाडीनं निघाले. वाटेत ओढा भरलेला, तो उतरेपर्यंत बसून राहावं लागलं. ते पोचले तेव्हा तारा गेलेली होती, आणि पोटातलं बाळही. शेकडो अडलेल्या बायका सोडवलेला हा माणूस स्वतःच्या लेकीपाशी वेळेवर पोचला नाही.

पुढं सालभरानं त्यांनी ही मोटार आणली. आक्का दारात आल्या, मोटारीकडं पाहिलं, म्हणाल्या, "आता कशाला?" आणि आत गेल्या. त्या मोटारीत बसल्या नाहीत, तिला कधी हात लावला नाही. विहिरीवर जायचं तरी मोटारीला वळसा घालून जात.

डॉक्टरांनी एकच पण केला होता. आपल्याकडं बोलावणं आलं आणि आपण उशिरा पोचलो, असं आता होता कामा नये. मोटार कधीही, कसल्याही पावसात, पहिल्या-दुसऱ्या हँडलला सुरू झाली पाहिजे. त्यासाठी ती कोरडी राहिली पाहिजे. आणि बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला, चार महिने उघड्यावरची वस्तू कोरडी ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला त्यांनी सगळ्यांसारखी ताडपत्री घेतली. जाड, डांबर पाजलेली. वरून थेंब आत जाईना, तेव्हा डॉक्टर खूश. श्रावणात खोळ काढून बघतात तर आतून पाणी ठिबकतंय, बैठकीला बुरशी चढलीय आणि रंगाला फोड आलेत. "मास्तर, म्या तिला घाम आणून मारत होतो," हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही उतरे. मग घोंगडी झाली. घोंगड्यात हवा खेळते, पण एकदा भिजलं की ते दोघांना उचलत नाही आणि सुकता सुकत नाही.

शेवटी ते कापड निवडायला निघाले. मला बरोबर घेतलं होतं. दुकानात गादीवर बसून त्यांनी एकेक ठाण उलगडायला लावलं. प्रत्येक कापडाचा पदर तोंडाशी धरून त्यातून जोरात फुंकर घालायची आणि पलीकडं माझा तळहात धरायला लावायचा. "वारं लागलं?" "लागलं." मग त्याच कापडाचा खोलगा करून त्यात दुकानदाराच्या तांब्यातलं पाणी ओतायचं. पाणी टपकलं की ठाण बाजूला. वारं लागलं नाही तरी ठाण बाजूला. दुकानदाराची गादी ओली झाली तेव्हा तो कळवळून म्हणाला, "आप्पा, धोतराला घ्यायचंय का सदऱ्याला?" डॉक्टर म्हणाले, "पेशंटला." त्याला वाटलं, डॉक्टरांचं डोकं जरा सरकलंय. मलाही अधूनमधून तसं वाटे.

बाजारात मनासारखं मिळालं नाही. मग आमच्याच गल्लीतल्या एका विणकरानं त्यांना दुहेरी सुताचं घट्ट कापड विणून दिलं. डॉक्टरांनी ते तुरटीच्या पाण्यात बुडवून सुकवलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा सुकवलं. घरात तेव्हा जिकडंतिकडं तुरटीचा वास. बॉनेटवर येणाऱ्या भागाला आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं, रंगाला चरा पडू नये म्हणून. खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवली, पोटाखालून वारं जावं म्हणून. दोऱ्या पोटाखालून घेऊन ताणून बांधायच्या. सैल राहिली तर वाऱ्यानं फडफडून खोळच रंग खरवडून काढते, हे ते अशा काही गंभीरपणे सांगत की मीच वर्गातला मुलगा असल्यासारखं मला वाटे.

आणि खोळ घालायची रीत! बाहेरून आल्या आल्या खोळ घालायची नाही. गाडी आधी सुती फडक्यानं पुसायची, कोनाकोपऱ्यातून. मग डॉक्टर बॉनेटवर पालथा हात ठेवत, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. गरम लागलं तर थांबायचं. मग बॉनेट उघडून आत बोटं फिरवून बघायचं. "ओल्या अंगावर आणि तापल्या अंगावर खोळ घालायची न्हाय," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजारी माणसावर चादर टाकतानासुद्धा मला ते ऐकू येतं. एकदा एका लग्नात ते जेवायचे सोडून मांडवामागं गेले आणि कुण्या वकिलाच्या मोटारीची ओली ताडपत्री काढून टाकून आले. वकीलसाहेब भडकले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रागवा हो, पण ती श्वास घ्यायला लागली बघा."

हसू येई, पण त्या मोटारीनं किती बायका वाचवल्या हेही मी पाहिलं. गुंजीहून, जांबोटीच्या वाटेवरच्या वाड्यांतून माणसं येत, धावत, भिजून. डॉक्टर पेटी उचलत, मी खोळीच्या दोऱ्या सोडत असे, एका हँडलला गाडी गुरगुरायला लागे. परत आले की पायरीवर चपला काढता काढता घरात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "बाळंतीण सुखरूप." आतून उत्तर येत नसे. कढत पाण्याचा तांब्या मात्र पायरीवर येऊन बसे. पुढं पुढं आतून आवाज येऊ लागला, "पोरगा का पोरगी?" ज्या दिवशी तो आवाज पहिल्यांदा आला त्या दिवशी डॉक्टर माझ्या खोलीत आले, बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून गेले.

मग एकदा गुंजीची एक पोर, डॉक्टरांनी सोडवलेली, लेकरू दाखवायला आली आणि तिनं ते सरळ आक्कांच्या मांडीवर ठेवलं. आक्का बराच वेळ त्याच्याकडं बघत होत्या. ती पोर म्हणाली, "ह्या मोटारीनं वाचवलं बघा आमास्नी." आक्कांनी अंगणात पाहिलं. मला वाटतं, मोटारीकडं त्यांनी सरळ नजरेनं पाहिलं ते तेव्हाच.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्या गल्लीत त्या दिवशी विणकर मागाची पूजा करतात, गाड्या-नांगरांना झेंडू बांधतात. डॉक्टर दरवर्षी मोटारीच्या चाकाला कुंकवाचं बोट लावत, एक फूल ठेवत, की झाली पूजा. त्या वर्षी ते सकाळीच दवाखान्यात गेले होते आणि मी बाजारात. संध्याकाळी दोघंही फाटकाशीच भेटलो. आत येऊन बघतो तर मोटारीवर खोळ घातलेली, वर झेंडूची माळ, आणि बाजूला नवं लुगडं नेसलेल्या आक्का उभ्या.

"आज म्या पूजा केली," त्या म्हणाल्या. "बैलावाणी धुतली तिला. आतल्या यंत्रालाबी हळदकुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. तुमी उघडतासा तसंच झाकण उघडलं बघा. आन खोळबी मीच घातली."

डॉक्टरांचा हात खोळीच्या गाठीकडं गेला. मी त्यांच्याकडं पाहत होतो. त्यांनी आक्कांच्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी त्या तोंडावर हसू होतं, आणि थोडी भीतीही, शाळेतल्या मुलीनं पाटी दाखवावी तशी. डॉक्टरांनी हात मागं घेतला.

"गाठ चांगली बसलीया," ते म्हणाले. आक्का आत गेल्या त्या गुणगुणतच.

पहाटे पावसाची एक सर येऊन गेली. दसऱ्याचं उजाडलं आणि जांबोटीकडचा एक शेतकरी फाटकात उभा. बायको कालपासून अडली होती. डॉक्टर पेटी घेऊन आले, मी दोऱ्या सोडल्या. गाठी आक्कांच्याच होत्या, बाळाच्या पाळण्याला घालतात तशा घट्ट. माळ जागच्या जागी होती. खोळीला वरून पावसाचा ओलावा, पण आतलं अस्तर आतूनच भिजलेलं. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. यंत्रावर कुंकवाचा लाल चिखल झाला होता, तारांवर अक्षता चिकटलेल्या, ठिणगी पडते त्या डबीत पाणी.

मी हँडल मारलं. डॉक्टरांनी मारलं. त्या शेतकऱ्यानं मारलं. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी डबी पुसली, तारा पुसल्या, पुन्हा मारलं. शेतकरी एकदा मोटारीकडं आणि एकदा डॉक्टरांकडं बघत होता. लेकीच्या वेळचं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर परत आलेलं मला दिसलं. मग ते पेटी घेऊन टांगा करायला निघाले. जाताना माझ्या दंडाला धरून म्हणाले, "मास्तर, आत काय दिसलं ते कुणाला सांगायचं न्हाय. घरात तर न्हायच. शपथ हाय माझी."

मी बॉनेट उघडं ठेवून सगळं उन्हात सुकवलं, पुसून काढलं. दुपारी उगीच हँडल मारून पाहिलं आणि ती सुरू झाली. आक्का दारात धावत आल्या. "झाली की सुरू! माझी पूजा पावली!" म्हणाल्या. मला गाडी चालवता येत नव्हती. मी ती बंद केली आणि खोलीत जाऊन बसलो. इतकं रडू मला नंतर फारसं कधी आलं नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी परतले. पायरीवर चपला काढल्या, काही बोलले नाहीत. मुलगी जगली होती, आई गेली होती.

काही दिवसांनी तो शेतकरी तान्ह्या लेकराला औषध घ्यायला आला. आक्कांनी लेकरू घेतलं, दुधाचं बोट चाखवलं. शेतकऱ्याच्या मनात काही राग नव्हता. तो आपला म्हणाला, "नशीबच, दुसरं काय. डॉक्टर थोडं आदी आलं असतं तर जगली असती म्हनत हुती सुईण."

आक्का डॉक्टरांकडं वळल्या. "गाडी कशानं अडली हुती त्या दिशी?"

मी भिंतीला टेकून उभा होतो.

"माझी चूक," डॉक्टर म्हणाले. "तू खोळ घालून आत गेल्यावर म्या परत सोडली. बघू म्हटलं तुझी पूजा. आन आळसानं अर्धवट बांधली. पहाटंचं पाणी आत गेलं."

आक्कांनी लेकरू त्या माणसाच्या हातात दिलं. तो फाटकाबाहेर गेला आणि मग म्हणाल्या, "जगाला शिकवत फिरतासा. ज्याच्यात्याच्या मोटारीची खोळ सोडतासा. आन त्याच दिशी तुमास्नी आळस आला? माझी तारा आठवली न्हाय तुमास्नी?"

डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले. त्या दिवसापासून आक्कांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मला हे सहन होईना. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, "शपथ मोडतो आता. खरं सांगून टाकतो त्यांना."

"सांगून काय करणार?" ते म्हणाले. "पोरगी गेल्यावर तिनं एवढ्या वर्सांत एकदाच आनंदानं कायतरी केलं, मास्तर. त्यानंच एक बाई मेली असं कळलं तर ती जगंल का? माझ्यावर रागावलीया, रागावू दे. रागानं माणूस मरत न्हाय. आन चूक माझीच की. हात लावून बघायचं सोडलं ते म्याच."

पुढं माझी निपाणीला बदली झाली, लग्न झालं, बेळगावचं येणंजाणं कमी झालं. लढाईच्या दिवसांत एकदा कामानिमित्त गेलो आणि खासबागेत उतरलो. पेट्रोल कुपनावर मिळत होतं. मोटार विहिरीच्या अलीकडंच, खोळीत. डॉक्टर पुरते वाकले होते. मला बघून इतका आनंद झाला की जेवल्याशिवाय सोडायलाच तयार होईनात.

आक्कांनी दोन ताटं वाढली. डॉक्टरांचं ताट नीट निगुतीनं वाढलेलं, कडेला त्यांच्या आवडीची लसणीची चटणी. आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्तर, इचारा त्यांना, भात पाहिजे का?"

डॉक्टर माझ्या शेजारी हातभर अंतरावर बसलेले. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा, पुरे म्हणून."

दोघांनाही ते इतकं सवयीचं झालं होतं की अवघडलो तो मी एकटाच. मी भात विचारला, पुरे म्हणून सांगितलं. ताक विचारलं, चालेल म्हणून सांगितलं.

जेवण झाल्यावर डॉक्टर टांगा बघायला बाहेर गेले. बारीक पाऊस होता. आक्का ताटं उचलायच्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, त्या दसऱ्याला खोळ तुमीच सोडलासा. तुमी डोळ्यानं बघितलासा. खरंच अर्धवट बांधली हुती का त्यांनी?"

"आक्का, आता कशाला ते?" मी म्हटलं.

"कशाला म्हंजे? मला त्यांच्याशी बोलायचं हाय. किती वर्सं झाली, ते थकल्यात, मीबी थकले. पण ते आठवलं की तोंड उघडत न्हाय बघा. तुमी निस्तं 'न्हाय' म्हणा. ते असं करतील हे मला कधी पटलंच न्हाय. न्हाय म्हणा, आत्ता जाऊन त्यांना हाक मारते."

त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिकडं बघवेना. 'न्हाय' हा एक शब्द. तो म्हटला असता तर त्या तशाच धावत अंगणात गेल्या असत्या. आणि उद्या नाहीतर परवा, चुलीपुढं बसल्या बसल्या, स्वतःशीच विचारलं असतं की खोळ घट्ट होती, तर मग पाणी आत आलं कुठून. आक्का काही खुळ्या नव्हत्या.

"व्हय आक्का," मी म्हटलं. "अर्धवटच होती."

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, ताटं उचलली आणि आत गेल्या.

डॉक्टर फाटकाशी भिजत उभे होते. माझी पिशवी त्यांनी स्वतः टांग्यात ठेवली. मी चढून बसलो तसे जवळ आले आणि घराकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "काय म्हणत हुती?"

"पुढच्या खेपेला मंडळींना घेऊन या म्हणाल्या," मी सांगितलं.

"एवढं बोलली?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "चांगलं झालं. तुमच्याशी तरी बोलती."